हिवाळ्यातलं व्हेनिस : कधी जावं, कुठे राहावं, पाण्याचं काय?

पादुआकर

मे महिन्याच्या सुट्टीत इटलीला येणारी मित्रमंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात : व्हेनिस एका दिवसात होतं ना? होतं. सकाळी मेस्त्रेहून, म्हणजे पाण्यापलीकडच्या उपनगरातून, गाडी पकडायची, रिआल्तोच्या पुलापासून सान मार्कोच्या चौकापर्यंत गर्दीबरोबर सरकत जायचं, उन्हात रांगेत ताटकळायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं. असं व्हेनिस करून आलेली माणसं "छान आहे, पण गर्दी फार, महाग फार" एवढंच सांगतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण या शहरावर माझा जीव आहे. मी पादुआला राहते, व्हेनिस इथून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. माझं तिथलं बहुतेक येणं-जाणं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच होतं. तेव्हा माझं सांगणं असं, की व्हेनिस हिवाळ्यात बघा आणि मुक्काम शहरातच करा. हा मुक्काम ऋतूइतकाच महत्त्वाचा आहे.

१९५१ साली जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती. आता ती पन्नास हजारांच्याही खाली आली आहेत. उन्हाळ्यात पर्यटकांच्या लोंढ्यात ही माणसं दिसतच नाहीत. नोव्हेंबरात ती पुन्हा दिसायला लागतात. शाळा सुटली की चौकातल्या जुन्या विहिरीच्या कठड्याशी दप्तरं टाकून पोरं फुटबॉल खेळतात. म्हाताऱ्या बायका चाकांची पिशवी पायरी-पायरीने पुलावर चढवतात. सकाळी सातला कालव्यातून सामानाचे पडाव येतात : एकात भाजीचे खोके, दुसऱ्यात कुणाचं तरी धुलाई यंत्र, तिसऱ्यात कचरा. या शहरात चाकाचं वाहन नाही. त्यामुळे गावाला जे जे लागतं ते सगळं पाण्यावरून येतं आणि पुढे माणसाच्या हातांनी जातं. हे बघायला पहाटे तिथे असावं लागतं. दिवसाच्या फेरीत ते हाती लागत नाही.

कधी जावं? नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नाताळाच्या आधीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. दुसरा काळ ६ जानेवारीनंतर कार्निव्हल सुरू होईपर्यंतचा. नाताळ ते ६ जानेवारी आणि कार्निव्हलचे दोन-अडीच आठवडे टाळा, तेव्हा खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात. कार्निव्हलच्या तारखा ईस्टरप्रमाणे दरवर्षी सरकतात, त्या आधी बघून घ्या. २०२४ पासून एका दिवसासाठी येणाऱ्यांना ठरावीक तारखांना प्रवेश शुल्क भरावं लागतं. त्या तारखा आतापर्यंत एप्रिल ते जुलै याच काळात होत्या. मुक्कामी माणसाला ते शुल्क नाही, मात्र हॉटेलातून शहराचा मुक्काम कर घेतला जातो.

दिवस लहान असतो, हे गृहीत धरून चाला. डिसेंबरात पावणेआठच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारला सूर्य मावळतो. म्हणून बाहेरचं बघणं सकाळी आणि आतलं बघणं दुपारी, असा बेत ठेवायचा. आतलं म्हणजे काय, तर एक जागा मी कुणालाही चुकवू देणार नाही : स्कुओला ग्रांदे दी सान रोक्को, एका जुन्या धार्मिक बंधुसंघाची इमारत. चित्रकार तिंतोरेत्तोने १५६४ पासून वीसहून अधिक वर्षं इथल्या भिंती आणि छतं रंगवली. वरच्या दालनात छताची चित्रं बघायला हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात. आरसा छातीशी आडवा धरायचा आणि खाली बघत चालायचं. मग छतावरची माणसं आपल्या हातात येतात, मान अजिबात दुखत नाही. उन्हाळ्यात आरसा घेऊन असं चाललं तर कुणाच्या तरी अंगावर आदळायची भीती. जानेवारीतल्या मंगळवारी मात्र दालनात चार-पाच माणसं असतात. आरसा हवा तसा फिरवून एकेका चित्रापाशी हवा तितका वेळ घालवता येतो.

सान मार्कोच्या बॅसिलिकेचं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचंही तेच. आत आठ हजार चौरस मीटरहून अधिक मोझेक, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेली चित्रं आहेत, सगळं सोनेरी. हिवाळ्याच्या दुपारी आत अंधारून येतं आणि ते सोनं जेवढ्यास तेवढं चमकतं. माझ्या मते ते असंच बघावं.

आणि २१ नोव्हेंबर. जमलं तर हाच दिवस धरून या. १६३०-३१ च्या प्लेगात शहराची जवळपास एक तृतीयांश वस्ती मेली. साथ ओसरली तर मारियेचं देऊळ बांधू असा नवस शहराने केला होता. तो फेडण्यासाठी वास्तुकार लोंगेनाने सालुतेचं चर्च बांधलं. १६३१ मध्ये काम सुरू झालं आणि १६८७ मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं. आजही त्या दिवशी मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल उभारतात आणि सगळं गाव त्यावरून चालत सालुतेला जातं. दारात मेणबत्ती विकत घ्यायची, रांगेने आत जायचं, सेवेकऱ्याच्या हाती द्यायची. तो ती पेटवून बाकीच्यांच्या ओळीत खोचतो. बाहेर मिठाईची दुकानं, फुगे, कडेवरची पोरं, अगदी आपल्याकडच्या जत्रेसारखं. त्या दिवशी घरोघरी खारवून-धुरावून वाळवलेल्या मटणाचं कोबी घातलेलं सूप करतात, त्याला कास्त्रादिना म्हणतात. दाल्मेशियाच्या व्यापाऱ्यांकडून येणारं हे मटण प्लेगच्या काळात शहराला पुरवलं गेलं, त्याची ही आठवण. हा सण पर्यटकांसाठी मांडलेला नाही, तो गावाचा आहे.

पुराबद्दल, राहण्याबद्दल, खाण्याबद्दल जे विचारायचं ते विचारा. मला माहीत आहे तेवढं सांगेन.

अधेमधे

अगदी वेळेवर धागा आला. आमचं दिवाळीच्या सुट्टीत जायचं घाटतंय, दोन मुलं बरोबर आहेत, मोठी अकरा वर्षांची आणि धाकटा सहाचा. सगळ्यात मोठी धास्ती पाण्याची. २०१९ चे व्हिडिओ पाहिले होते, लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत होते. नोव्हेंबरात नेमकं हेच होतं ना? मुलांना घेऊन जावं का?

बांधबंदिस्ती

पाण्याबद्दल मी लिहितो. किनारी बांधकाम हा माझ्या कामाचा विषय आहे आणि व्हेनिसचं काम मी आवर्जून बघून आलो आहे.

तिथल्या पुराला आक्वा आल्ता म्हणतात. नदीचा पूर आणि हा पूर यांत मोठा फरक आहे, कारण हे भरतीचं पाणी आहे. एड्रियाटिक समुद्र लांबट आणि चिंचोळा. आग्नेयेकडून सिरोक्को वारा सुटला की तो पाणी उत्तरेच्या टोकाकडे ढकलत नेतो. त्यात हवेचा दाब कमी असला आणि मोठी भरती त्याच वेळी आली, की पाणी चढतं. ऑक्टोबर ते जानेवारीत हे तिन्ही एकत्र यायची शक्यता जास्त. ओहोटी लागली की काही तासांत पाणी उतरतं.

पातळी मोजतात ती सालुतेच्या टोकाशी, १८९७ च्या सरासरी समुद्रपातळीला शून्य धरून. म्हणून "११० सेंटिमीटर पाणी" असं वाचलंत तर रस्त्यावर ११० सेंटिमीटर पाणी आहे असा अर्थ घेऊ नका. ११० ला शहराचा सुमारे १२ टक्के भाग ओला होतो, तोही बहुतेक ठिकाणी घोट्यापर्यंत. १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ झालं होतं. त्याहून मोठं एकच नोंदलेलं आहे, ४ नोव्हेंबर १९६६ चं १९४. विसाव्या शतकात समोरच्या किनाऱ्यावरच्या मार्गेराच्या कारखान्यांसाठी भूजल उपसल्यामुळे जमीनही खचली. तो उपसा पुढे थांबवला, पण खचलेली जमीन परत वर येत नाही आणि समुद्र वर येतोच आहे.

आता महत्त्वाचं. ३ ऑक्टोबर २०२० पासून मोसे नावाची दारं काम करू लागली आहेत. शहराभोवतीचं उथळ खाजण आणि समुद्र यांच्यामध्ये तीन मुखं आहेत : लीदो, मालामोक्को आणि क्योज्जा. या तिन्हींच्या तळाशी मिळून ७८ पोकळ पोलादी दारं बिजागरीवर आडवी पडलेली असतात, पोटात पाणी भरून. अंदाज ११० च्या वर गेला की दाबाची हवा आत सोडतात. पाणी बाहेर पडतं, दारं हलकी होऊन वर येतात आणि समुद्र अडवतात. पाणी उतरलं की हवा सोडून पुन्हा तळाशी. २०१९ सारखी वेळ त्यानंतर शहरावर आलेली नाही. मुलांना घेऊन खुशाल जा.

एक मात्र खरं. ११० च्या खाली दारं उचलत नाहीत आणि सान मार्कोचा चौक शहरात सगळ्यात सखल आहे. तिथे ऐंशी-पंच्याऐंशीलाच पाणी दिसतं. बॅसिलिकेभोवती २०२२ मध्ये काचेचा बांध घातला, त्यामुळे आतल्या फरशीचा बचाव झाला. चौक मात्र अधूनमधून भिजतो.

पादुआकर

बांधबंदिस्ती, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यातच घालायला हवा इतका चांगला आहे.

अधेमधे, यात वापरायच्या गोष्टी सांगते. सान मार्कोत पाणी येतं ते काठावरून उसळून येत नाही. फरशीतल्या गटाराच्या जाळ्यांतून ते आधी बुडबुडे काढत वर येतं, मग जाळीभोवती बशीएवढं तळं, मग तळी एकमेकांना मिळतात. तुमच्या मुलांना हे बघायला फार आवडेल. मुख्य वाटांवर पालिका फळ्यांचे उंच फलाट टाकते. त्यावरून एकेरी रांगेत चालायचं, मध्ये थांबून फोटो काढायचे नाहीत, मागचे खोळंबतात. पालिकेचं भरती केंद्र पुढच्या दिवसांचा तासवार अंदाज देतं, तो सकाळी बघायची सवय ठेवा. मोठ्या भरतीआधी भोंगा होतो. शिट्टीनंतर जितके चढते सूर, तितकं पाणी जास्त, ११० ला एकच सूर.

खोली घेताना तळमजला नको. आणि सान मार्कोच्या अगदी लगत नको.

कोकणकडा

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. आम्ही जानेवारीत गेलो होतो, आई-बाबा बरोबर होते. सलग धुकं. मोठ्या कालव्याच्या या काठावरून तो काठ दिसेना. थंडी आकड्यांत फार नव्हती, शून्य ते सहा-सात, पण ओलीमुळे हाडात शिरते. पुण्याच्या थंडीची सवय काही कामाला येत नाही. खोलीतलं हीटिंग नीट चालत नव्हतं आणि तक्रार करूनही दोन रात्री तसंच राहिलं. बरीच छोटी हॉटेलं आणि खाणावळी जानेवारीत बंदच असतात. बुरानो बेटावर रंगीत घरं बघायला गेलो तर सगळे रंग धूसर. एवढा खर्च करून आयुष्यात एकदा जाणाऱ्या माणसाने जानेवारी निवडावा, हे मला पटत नाही. ऑक्टोबर किंवा मार्च सांगा.

पादुआकर

तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते इथे लिहिलंत हे बरं केलंत. थंडी ओली असते हे खरंच. जानेवारीचा मधला काळ सगळ्यात सुना असतो, तेव्हा बंद दुकानं जास्त दिसतात. पहिल्यांदा आणि वडीलधाऱ्यांना घेऊन येणाऱ्यांना मी नोव्हेंबरच सुचवेन. मार्चही चांगला. ऑक्टोबरात मात्र गर्दी हटलेली नसते, आणि कला वा वास्तुकलेचं द्वैवार्षिक प्रदर्शन नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालू असतं, त्याचेही लोक असतात.

पण धुक्याच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घालेन. धुक्यात बुरानोला जाऊ नये, तोर्चेल्लोला जावं. बुरानोहून पुढे पाच मिनिटांवर ते बेट आहे. व्हेनिस वसण्याआधीची वस्ती तिथे होती, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं राहतात. सांता मारिया आस्सुंता हे चर्च ६३९ मध्ये स्थापन झालं. आत पश्चिमेची अख्खी भिंत शेवटच्या न्यायनिवाड्याच्या मोझेकने भरली आहे. उलट बाजूला सोनेरी पार्श्वभूमीवर एकटी उभी मारिया. चारी बाजूंना काही नसताना, नुसतं सोनं आणि तिच्या अंगावरचा निळा. धक्क्यापासून चर्चपर्यंत कालव्याकाठची वाट आहे, धुक्यात त्या वाटेवर फक्त आपल्या पावलांचा आवाज येतो. मी ज्यांना ज्यांना तिथे नेलं त्यांना सान मार्कोपेक्षा हेच लक्षात राहिलं.

धुकं दाट असलं की वापोरेत्तोचे, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटींचे, काही मार्ग बदलतात, धक्क्यावरची पाटी वाचून मगच चढायचं.

मूळची_डिचोलीची

कोणी मासळीबद्दल लिहीत नाही म्हणून मी लिहिते. रिआल्तोचा मासळीबाजार सकाळी लवकर गाठा. रविवार-सोमवार बंद. हिवाळ्यात खाजणातली बारीक करड्या रंगाची कोळंबी येते, स्किए म्हणतात तिला. जिवंत, टोपलीत उड्या मारणारी. ती उकडून वा तळून मऊ पांढऱ्या पोलेंतावर घालून देतात. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं म्हणा, व्हेनिसकडे ते पांढऱ्या मक्याचं करतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कात टाकलेल्या मऊ कवचाच्या कुर्ल्या मिळतात, फार महाग, पण एकदा खाव्यात.

आणि बाकाला मान्तेकातो. सुकवलेला कॉड भिजवून, उकडून, तेल घालत घालत लाकडी चमच्याने लोण्यासारखा होईपर्यंत घोटतात आणि पावाच्या तुकड्यावर लावून देतात. हा मासा या समुद्रातला नव्हेच. पिएत्रो क्वेरीनी नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं जहाज १४३१ मध्ये वादळात सापडलं. वाचलेली माणसं नॉर्वेच्या लोफोटेन बेटांतल्या रोस्ट या बेटाला लागली, तिथल्या कोळ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि परत येताना क्वेरीनी हा वाळवलेला मासा घेऊन आला. आमच्या गोव्यात पोर्तुगिजांमुळे बाकाल्याव आला, तो खारवलेला. इथला बिनमिठाचा, नुसत्या वाऱ्यावर सुकवलेला. चव वेगळी, पण तो घोटण्याचा सोस बघून मला घर आठवलं.

वरणभात

आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. आमची उपासमार होईल का? आधीचा प्रतिसाद वाचून तसंच वाटायला लागलंय.

पादुआकर

अजिबात होणार नाही, आणि हिवाळा तर तुमच्याच सोयीचा. डिसेंबरपासून त्रेव्हीझोचा लांब पानांचा जांभळा रादिक्कियो येतो, कडवट. तो भाजून किंवा रिसोत्तोत, म्हणजे मऊ शिजवलेल्या भातात, घालून देतात. लाल भोपळ्याचे न्योक्की, म्हणजे उकडलेले छोटे गोळे, मिळतात. पास्ता ए फाझोली म्हणजे राजम्यासारख्या शेंगदाण्यांचं दाट सूप आणि त्यात बारीक पास्ता, थंडीत पोटभरीचं. पण विचारून घ्या : यात कधीकधी डुकराच्या चरबीची फोडणी असते, आणि रिसोत्तोचं पाणी मांसाचं किंवा मासळीचं असू शकतं. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे", म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं म्हटलं तरी समजतं. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, काटेकोर पाळणाऱ्यांनी ते वरून घालू नका म्हणावं.

संध्याकाळी बाकारोत, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या दारूच्या दुकानात, काचेमागे पावाचे तुकडे मांडलेले असतात. आर्टिचोक, उकडलेलं अंडं, चीज-अक्रोड असे शाकाहारी प्रकार सहज मिळतात. बोट दाखवून सांगायचं. दारू घेतली पाहिजे अशी सक्ती नाही. जानेवारीत कार्निव्हलची चाहूल लागली की बेकरीत मनुका घातलेले तळलेले गोळे येतात, फ्रित्तेल्ले. वरणभातकरांनी ते खाल्ल्याशिवाय निघू नये.

बांधबंदिस्ती

"शेंगदाण्यांचं" नव्हे, घेवड्याच्या दाण्यांचं म्हणायचंय ना तुम्हाला? कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर घोळ व्हायला नको म्हणून विचारतोय.

पादुआकर

हो, घेवड्याचे दाणे. शेंगदाण्याचा त्यात संबंध नाही.

जुनीपाने

या शहराशी आपलं जुनं नातं आहे, ते कळलं तर फिरताना नजर बदलते म्हणून लिहितो.

निकोलाओ मनुची व्हेनिसचा. १६३८ चा जन्म, पोरवयातच घर सोडून निघाला आणि १६५६ मध्ये सुरतेला उतरला. १६६५ मध्ये तो मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत तोफखान्यावर होता. तो लिहितो, एका रात्री तो आणि जयसिंग पत्ते खेळत असताना शिवाजी महाराज आत आले आणि हा कुठल्या देशाचा राजा असं त्यांनी विचारलं. जयसिंग म्हणाला, फिरंगी राजा. पुढे महाराजांनी त्याच्याशी अनेकदा बोलून युरोपातल्या राजांची माहिती करून घेतली. महाराजांचं अश्वारूढ चित्र ज्या संग्रहात आहे तो मनुचीचाच, तो आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याच्या लिखाणाची हस्तलिखितं मात्र व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात आहेत.

आता हे ग्रंथालय कुठे, तर सान मार्कोच्या चौकाला लागून. त्याचा वाचनकक्ष आहे सान्सोव्हीनोने सोळाव्या शतकात बांधलेल्या झेक्कात. झेक्का म्हणजे व्हेनिसची टांकसाळ. इथे सोन्याचा दुकात पाडला जायचा. १२८४ मध्ये पहिला पाडला, आणि १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत वजन आणि छाप जवळपास तीच : साडेतीन ग्रॅम, बहुतेक शुद्ध सोनं, एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे व्हेनिसचा निवडलेला राज्यप्रमुख. मसाल्याच्या मोबदल्यात ही नाणी आपल्याकडे आली आणि तीच आपली पुतळी. आज्या-पणज्यांच्या पुतळ्यांच्या माळेत पूर्वी खरी दुकात नाणी असत, पुढे सोनार तशाच पाडू लागले. घरात जुनी माळ असेल तर भिंगातून बघा, गुडघे टेकलेली आकृती ओळखू येते.

चौकातल्या कोर्रेर संग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे. डोजेच्या राजवाड्याच्या तिकिटातच कोर्रेर आणि मार्चानाची जुनी दालनं येतात, तेव्हा राजवाडा बघून परत फिरू नका. बहुतेक लोक फिरतात.

मूळची_डिचोलीची

जुनीपाने, पुतळीबद्दल वाचून अंगावर काटा आला. आईकडे माळ आहे. आज रात्रीच फोन करते.

हा मनुची आमच्या गोव्यातही होता ना? संभाजीराजांकडे पोर्तुगिजांचा वकील म्हणून गेला होता असं वाचल्याचं आठवतं.

जुनीपाने

हो, तोच. १६८३-८४ च्या सुमाराला, संभाजी महाराज गोव्यावर चालून गेले होते तेव्हा.

पिंपळपान

दोन व्यावहारिक प्रश्न. मेस्त्रेला खोली निम्म्या भावात दिसते आणि गाडीने दहा-बारा मिनिटंच लागतात. मग शहरात राहायचा हट्ट कशाला? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. तिथे चारशेच्या वर पूल आणि सगळ्यांना पायऱ्या असं ऐकलंय.

पादुआकर

मेस्त्रेचं गणित उन्हाळ्याचं आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत शहरातल्या खोल्यांचे भाव इतके उतरतात की फरक बराच कमी होतो. त्यात चौघांचं रोजचं येण्या-जाण्याचं तिकीट आणि वेळ धरा. दिवस साडेचारला मावळणार असेल तर संध्याकाळी पाच ते नऊ हाच निवांत वेळ, आणि तो तुम्ही मेस्त्रेच्या फलाटावर का घालवायचा? रात्री आठनंतर दिवसाचे पर्यटक निघून जातात. मग गल्ल्यांमधून चालताना कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज येतो. यासाठीच तर मी शहरात राहा म्हणते आहे.

राहायला कान्नारेज्यो, कास्तेल्लोचा पूर्व भाग किंवा दोर्सोदुरो बघा. कान्नारेज्योत १५१६ मध्ये स्थापन झालेलं गेत्तो आहे, तिथली उंच घरं नक्की बघा : ज्यू लोकांना विस्ताराला जागा दिली नाही, म्हणून त्यांनी मजल्यावर मजले चढवले, छतं बुटकी करून.

सासूबाईंसाठी खोली वापोरेत्तोच्या धक्क्यापासून कमीत कमी पुलांवर असावी, नकाशावर पूल मोजूनच खोली ठरवा. रस्ता जवळचा दिसला तरी मध्ये तीन पूल निघतात. बराचसा प्रवास पाण्यावरून करा. एकेरी तिकीट साडेनऊ युरोंचं आणि ७५ मिनिटांचं, म्हणून अनेक दिवसांचा पास घ्या. तो विमानतळाच्या बोटीला चालत नाही. १ नंबरची बोट मोठ्या कालव्याच्या बहुतेक सगळ्या धक्क्यांवर थांबते, हिवाळ्यात बसायला जागा मिळते, सासूबाईंना तिथूनच अर्धं व्हेनिस दिसेल. गोंडोलाचा दर पालिकेने ठरवलेला आहे, दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो. नुसता कालवा ओलांडायचा असेल तर त्राघेत्तो नावाची साधी होडी दोन युरोंत पलीकडे सोडते, पण हिवाळ्यात तिच्या वेळा कमी असतात.

निशिगंध

संगीत आवडत असेल तर ला फेनीचेचं ऑपेरा सत्र हिवाळ्यात भरात असतं. १९९६ च्या जानेवारीत ते नाट्यगृह जळून खाक झालं होतं. जसं होतं तसं, जिथे होतं तिथे बांधू असं म्हणून शहराने ते पुन्हा उभारलं आणि २००३ च्या डिसेंबरात उघडलं. वरच्या बाजूच्या जागा परवडतात, काहींमधून रंगमंच मात्र पूर्ण दिसत नाही, घेताना बघून घ्या.

६ जानेवारीला तिथे असाल तर मोठ्या कालव्यावर मुलांना खाऊ आणणाऱ्या लोककथेतल्या म्हाताऱ्या बेफानाचा वेश केलेल्या पुरुषांची वल्ह्यांची शर्यत असते. रिआल्तोच्या पुलावरून भलामोठा मोजा लोंबत असतो. मुलांना फार मजा येते.

अधेमधे

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी चर्चा झाली. दिवाळीचे पहिले दिवस घरीच करून, नंतर मुलांची थोडी शाळा बुडवून सालुतेच्या सणापर्यंत जायचं ठरतंय. व्हिसाची तयारी लगेच सुरू करते. शेवटचे दोन प्रश्न : बूट कसले घ्यावेत? आणि पादुआला एक दिवस काढावा का?

पादुआकर

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, दिवाळीच्या तोंडावर ठेवू नका. विमा तीस हजार युरोंचा लागतो.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, पाणी न शिरणारे आणि तळ न घसरणारे. पुलांच्या दगडी कडा ओल्या असताना फार निसरड्या होतात. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट इथून नेऊ नका. गरज पडलीच तर बुटांवर चढवायची प्लास्टिकची आवरणं रस्त्यावर विकायला येतात, मुलांच्या मापाची मिळतीलच असं नाही, म्हणून धाकट्यासाठी एक जोड घरूनच आणा. सामान प्रत्येकाला स्वतः उचलता येईल एवढंच, पुलावर कुणी मदतीला नसतं.

पादुआला नक्की या. चित्रकार ज्योत्तोने १३०५ च्या सुमारास रंगवून पुरं केलेलं स्क्रोवेन्यी चॅपेल इथे आहे. भित्तिचित्रांना बाहेरची दमट हवा लागू नये म्हणून आधी पंधरा मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, मग साधारण पंधरा-वीस मिनिटं आत सोडतात. तिकीट आधी काढावं लागतं. नोव्हेंबरात मधल्या वारी सहज मिळतं, शनिवार-रविवारी नाही. सोमवारचं काढा, त्या दिवशी रिआल्तोचा मासळीबाजार तसाही बंद असतो. आणि येण्याआधी इथे निरोप टाका, दुपारचं जेवण माझ्याकडे.